डीपीएफ बदलण्याआधी प्रेशर सेन्सर तपासा

बीएस-६ डिझेल गाडी चालवणाऱ्यांना हल्ली एका वाक्याची धास्ती असते. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला म्हणून गाडी गॅरेजला न्यावी, तिथल्या माणसाने स्कॅनर लावावा आणि मान हलवत सांगावं, ‘साहेब, डीपीएफ चोक झालाय. बदलावा लागेल.’ पुढचा आकडा गाडीगणिक वेगळा, पण बऱ्याच गाड्यांत तो लाखाच्या घरात जातो. हे निदान कधी बरोबरही असतं. पण स्कॅनरने ते कशावरून केलं, हे विचारणारे फार थोडे. ते झालेलं असतं एका काडेपेटीएवढ्या सेन्सरच्या सांगण्यावरून. फिल्टरच्या किमतीपुढे या सेन्सरची किंमत किरकोळ, आणि त्याला जोडलेल्या दोन नळ्या त्याहूनही स्वस्त. सेन्सर खोटं बोलत असेल, तर लाखाचा नवा फिल्टर बसवूनही दिवा पुन्हा लागतोच.

तुमची गाडी पेट्रोल किंवा सीएनजीवर चालत असेल, तर हा लेख बहुधा तुमच्या उपयोगाचा नाही. बीएस-४ काळातल्या बहुतेक देशी डिझेल गाड्यांनाही हा फिल्टर नव्हता. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि डिझेल कारच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला ०.०२५ ग्रॅमवरून ०.००४५ ग्रॅमवर आली. एवढी काजळी नुसती इंजिनात सुधारणा करून कमी होत नाही, ती अडवावी लागते. म्हणून सायलेन्सरच्या लाइनमध्ये, इंजिनाच्या जवळ, डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर म्हणजे डीपीएफ आला. आणि तो किती भरला हे कळावं म्हणून त्याच्यासोबत हा सेन्सर आला.

सेन्सर नेमकं काय मोजतो

डीपीएफच्या डब्यात सिरॅमिकचा, मधमाशांच्या पोळ्यासारखा जाळीदार ठोकळा असतो. त्यातल्या बारीक नळ्या एकाआड एक विरुद्ध टोकांना बंद केलेल्या असतात, त्यामुळे धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावं लागतं. काजळी अलीकडे अडकते, वायू पुढे जातो. काजळी साचत गेली की वायूला वाट कमी मिळते, फिल्टरच्या अलीकडे दाब चढतो आणि पलीकडे तो जवळपास होता तेवढाच राहतो. या दोन दाबांमधला फरक सेन्सर मोजतो. म्हणून त्याला ‘डिफरन्शियल प्रेशर सेन्सर’ म्हणतात. फिल्टरच्या अलीकडून एक आणि पलीकडून एक अशा दोन नळ्या वर येतात आणि सेन्सरच्या दोन तोट्यांना बसतात. आत सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा असतो. तो दाबाने किंचित वाकला की त्याच्यावरच्या विद्युतरोधात बदल होतो आणि तो बदल व्होल्टेजच्या रूपात इंजिनाच्या संगणकाकडे, म्हणजे ईसीयूकडे जातो. वायरी सहसा तीन असतात. एकीतून पाच व्होल्ट येतात, एक अर्थ आणि तिसरी सिग्नलची. काही गाड्यांत नळी एकच असते. तिथे फिल्टरच्या अलीकडचा दाब बाहेरच्या हवेशी ताडून पाहिला जातो.

इथे फरक मोजला जातो, हे लक्षात राहू द्या. महाबळेश्वरला हवेचा दाब मुंबईपेक्षा पंधरा टक्क्यांच्या आसपास कमी भरतो. पण इंजिन बंद असताना फिल्टरच्या दोन्ही बाजूंना तीच हवा असते, म्हणून सेन्सरने दोन्ही ठिकाणी शून्यच दाखवायला हवा. घाट चढला म्हणून शून्य हलला, अशी सबब कोणी दिली तर ऐकू नका.

ईसीयू मात्र नुसत्या दाबफरकावर निकाल देत नाही. इंजिनात किती हवा आली, धूर किती गरम आहे, फिल्टरमधून किती वायू जातोय, हे सगळं धरून तो काजळी किती ग्रॅम साचली असेल याचा हिशेब करतो. शिवाय किती किलोमीटर आणि कशा पद्धतीने गाडी चालली, यावरून दुसरा एक अंदाज बांधतो. म्हणूनच एअर फ्लो सेन्सर मळलेला असला, तरी प्रेशर सेन्सरचा चांगला आकडाही वाईट ठरू शकतो. हिशेबातली काजळी एका मर्यादेपुढे गेली की ईसीयू रिजनरेशन सुरू करतो. म्हणजे जास्तीचं डिझेल सोडून धुराचं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेतो आणि साचलेली काजळी जाळून टाकतो. ही वेळ कधी आली, हे ठरवण्यात या सेन्सरचा शब्द फार मोठा असतो.

नावात सारखेपणा असलेला आणखी एक सेन्सर काही डिझेल इंजिनांत असतो. तो टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळचा दाब मोजतो आणि टर्बोची पाती व ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा) सांभाळायला मदत करतो. स्कॅनरवर पी०४७० ते पी०४७४ यांपैकी कोड आला, तर तो या सेन्सरच्या गटातला. पी२४५२ ते पी२४५६ आला, तर डीपीएफच्या दाबफरक सेन्सरचा. मॅनिफोल्डवाल्या सेन्सरचा नेहमीचा रोग एकच: त्याच्याकडे जाणारी बारीक धातूची नळी काजळीने बुजते. गाडीचा पिकअप मरतो, दाब अडकून बसतो, आणि खर्च पुष्कळदा नळी साफ करण्यापुरताच असतो. पुढचं सगळं डीपीएफच्या सेन्सरबद्दल.

तो खोटं बोलतो तेव्हा

लक्षणांची यादी पाठ करण्यापेक्षा सेन्सर कोणत्या दिशेने चुकतोय हे पाहिलं, की लक्षणं आपोआप समजतात.

पहिली दिशा म्हणजे खऱ्यापेक्षा जास्त दाखवणं. फिल्टर ठीक असतो, पण ईसीयूला तो भरलेला वाटतो, म्हणून तो वारंवार रिजनरेशन करतो. गाडी आणि वापराप्रमाणे काहीशे किलोमीटरमागे एकदा होणारं हे काम शंभराच्या आत होऊ लागतं. चालकाला काय जाणवतं? अॅव्हरेज पडतो. सिग्नलला उभं असताना आरपीएम नेहमीपेक्षा थोडे वर राहतात. ऑटो स्टार्ट-स्टॉप चालत नाही. गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा घरघरत राहतो आणि खालून तापल्याचा वास येतो. यातली एखादी गोष्ट कधीमधी दिसणं साहजिक आहे, कारण रिजनरेशन हे फिल्टरचं नेहमीचं काम आहे. दर दोन दिवसांनी दिसू लागली तर मात्र शंका घ्या.

या प्रकारातला खरा धोका दिव्याचा नाही, ऑइलचा आहे. रिजनरेशनसाठी बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्येच उशिरा जास्तीचं डिझेल सोडलं जातं. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये मिसळतं. वारंवार असं झालं की डिपस्टिकवरची पातळी वाढायला लागते. ऑइल कमी झालं की माणूस घाबरतो, वाढलं की खूश होतो. इथे उलट आहे. पातळ झालेलं ऑइल टर्बो आणि बेअरिंगला धड वंगण देत नाही. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर गाडी चालवत राहू नका. आधी ऑइल बदला आणि त्याच फेरीत सेन्सर तपासून घ्या. नाहीतर नव्या ऑइलचंही तेच होईल.

दुसरी दिशा कमी दाखवण्याची. अलीकडची, म्हणजे इंजिनाच्या बाजूची नळी फाटली किंवा तोटीवरून निसटली, की सेन्सरपर्यंत दाब पोचतच नाही. ईसीयूला वाटतं, फिल्टर तडकलाय किंवा कोणी काढूनच टाकलाय. असं झालं की पी२००२ सारखा, फिल्टर काम करत नसल्याचा कोड येऊ शकतो. अशा वेळी बॉनेटखाली धुराचा वास आणि नळीच्या टोकाजवळ काळा डाग सापडतो का ते बघा. हा प्रकार वरवर निरुपद्रवी वाटतो, कारण गाडी सुरुवातीला उत्तम पळते. पण खरी काजळी साचत असते आणि दाबफरकाकडून तिची खबर मिळत नाही. खूप साचलेली काजळी मग एकदम पेटली, तर ठोकळा तापून तडकतो किंवा वितळतो. तेव्हा मात्र डीपीएफ खरोखर बदलावा लागतो.

तिसरा प्रकार अडकण्याचा किंवा उड्या मारण्याचा. आकडा एका जागी थिजतो, नाहीतर क्षणात वर-खाली होतो. कपलरमध्ये ओल, सैल पिन, वायर घासलेली, किंवा नळीत पाणी. गाडी मध्येच ताकद सोडते, म्हणजे लिंप मोडमध्ये जाते, चावी बंद करून चालू केली की पुन्हा शहाण्यासारखी पळते. एक्स्प्रेसवेवर ओव्हरटेक करताना असं होणं जिवावर बेतू शकतं. चावी फिरवून बरा होणारा आजार म्हणून पुष्कळ जण त्याकडे दुर्लक्ष करतात. ते करू नका.

नळीत पाणी कुठून येतं, असा प्रश्न पडेल. एक लिटर डिझेल जळलं की धुरातून वाफेच्या रूपात जवळपास एक लिटर पाणी बाहेर पडतं. लांबच्या प्रवासात ते वाफ म्हणूनच निघून जातं. कोथरूड ते डेक्कन एवढ्याच फेऱ्या असतील, तर सगळी लाइन नीट तापायच्या आतच इंजिन बंद होतं आणि थंड नळीत पाणी साचतं. त्याच्यात काजळी मिसळून काळा चिखल होतो आणि तोच नळी बुजवतो. म्हणून सेन्सर सहसा फिल्टरच्या वर बसवलेला असतो आणि नळ्या त्याच्यापासून खाली उतारावर जातात. कुठे काम करताना नळीला झोळ पडला, तर त्या खोलगट भागात पाणी थांबणारच. पावसाळ्यात दुसरा शत्रू उंदीर. उबेला बॉनेटखाली शिरलेले उंदीर वायरी आणि नळ्या कुरतडतात, आणि ही नळी आडबाजूला असल्याने तिचं कुरतडणं सहजी नजरेस पडत नाही.

खरा चोक आणि खोटा चोक

खरोखर भरलेला फिल्टर हळूहळू त्रास देतो. आधी डीपीएफचा दिवा, मग कमी पिकअप, विशेषतः वरच्या आरपीएमला आणि चढावर, मग चेक इंजिन. सेन्सरचा बिघाड सहसा असा पायरीपायरीने येत नाही. काल बरी असलेली गाडी आज अचानक दिवा लावते आणि तोवर पिकअपमध्ये काहीच फरक जाणवलेला नसतो. हा फरक मेकॅनिकला आवर्जून सांगा. तुम्ही गाडी रोज चालवता, त्याने ती दहा मिनिटं पाहिलेली असते.

यापुढचं काम स्कॅनरचं. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी सॉकेटला लागणारं ब्लूटूथ यंत्र आणि मोबाइलवरचं अॅप असेल, तर काही गाड्यांत हे आकडे घरीही दिसतात. पाहायचं असं:

चावी ऑन, इंजिन बंद. दाबफरक शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ हवा. इथे एक-दीड किलोपास्कल दाखवत असेल, तर सेन्सरचा शून्य हललाय; कारण धूरच नसताना दाब कसला? आकडा मिलिबार किंवा हेक्टोपास्कलमध्ये आला, तर दहा म्हणजे एक किलोपास्कल.

इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला. चांगल्या फिल्टरला हा आकडा सहसा एक किलोपास्कलच्या आत राहतो. पण आयडलिंगला वायूच इतका थोडा वाहतो, की नुसत्या या आकड्यावरून निकाल देऊ नये.

मग अडीच ते तीन हजार आरपीएम. इथे आकडा पायाबरोबर चढला पाहिजे आणि पाय काढल्यावर लगेच उतरला पाहिजे. चांगल्या फिल्टरला तो मोजक्या किलोपास्कलपर्यंत जातो, भरलेल्याला त्याच्या कितीतरी पट. नेमकी मर्यादा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते आणि मेकॅनिकने तीच वापरायला हवी. एक्सिलरेटर दाबूनही आकडा हललाच नाही, तर नळी बुजलेली आहे किंवा सेन्सर मेलेला आहे. आकडा शून्याखाली गेला, तर कोणीतरी दोन नळ्या उलट्या जोडल्यात. हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. टर्बो किंवा ईजीआरचं काम झाल्यानंतर दिवा लागला असेल, तर पहिला संशय इथेच घ्या.

शून्य बरोबर, चढउतार नीट, पण वरचा आकडा फार मोठा, असं असेल तर सेन्सर खरं बोलतोय. दोष फिल्टरचा आहे. तरीही थेट बदलण्याच्या आधी स्कॅनरने सर्व्हिस रिजनरेशन करून आकडा उतरतो का ते पाहायला सांगा. काजळी असेल तर उतरेल. राख असेल तर उतरणार नाही. ऑइलमधल्या अॅडिटिव्हची ही राख जळत नाही, तिच्यासाठी फिल्टर उतरवून यंत्रावर साफ करावा लागतो. बऱ्याच गाड्यांत ही वेळ लाखभर किलोमीटर झाल्यानंतरच येते. तीस हजारांवर चाललेल्या गाडीचा फिल्टर ‘राखेने भरलाय’ असं कोणी म्हटलं, तर चुकीचं ऑइल पडलंय किंवा चुकीचं निदान झालंय. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल लागतं. स्वस्त डब्यातली बचत इथे अंगाशी येते.

दुरुस्ती करताना

आधी नळ्या, मग कपलर, मग सेन्सर, आणि सर्वात शेवटी फिल्टर. हा क्रम खर्चाचाही आहे आणि अकलेचाही. नळ्या काढताना कुठली कुठे होती याची खूण करून घ्यावी. मोबाइलवर एक फोटो पुरतो. नळी साफ करायची तर ती सेन्सरपासून सोडवूनच, आणि हवा मारायची ती फिल्टरच्या दिशेने. नळी लागलेली असताना कंप्रेसरची हवा मारली, तर सेन्सरचा पडदा त्याच क्षणी फुटू शकतो. फिल्टरच्या डब्यावरच्या धातूच्या तोटीतही काजळीचा बूच बसतो. नळी बदलूनही फरक पडला नाही तर तिथे पाहावं.

नवी नळी उष्णता सोसणारी आणि मूळच्याच आतल्या व्यासाची हवी. कोपऱ्यावरच्या दुकानातली साधी पेट्रोलची पाइप कापून लावणारे महाभाग भेटतात. ती काही महिन्यांत कडक होऊन चिरते. सेन्सरची वायरिंग तपासायला मल्टिमीटर पुरतो: एका पिनवर पाच व्होल्ट, अर्थ पक्का, आणि चावी ऑन असताना सिग्नलवर बहुतेक मॉडेलमध्ये अर्धा ते एक व्होल्ट. पाच व्होल्ट येतच नसतील तर नवा सेन्सर घेऊन उपयोग काय?

सेन्सर बदलल्यावर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने त्याचा शून्य पुन्हा शिकवावा लागतो. हे न करता गाडी परत दिली, तर नवा सेन्सरही चुकीचा वाटू लागतो. मात्र या कामाच्या नावाखाली काजळीचा हिशेबच शून्य करून टाकणं वेगळं. दिवा विझतो, पण फिल्टर भरलेलाच राहतो आणि ईसीयूला तो कोरा वाटतो. फिल्टर साफ केला किंवा बदलला, तरच तो हिशेब शून्य करायचा असतो. गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीही बाहेर करून घेऊ नका.

रस्त्यात नुसता डीपीएफचा दिवा लागला आणि गाडी नीट ओढत असेल, तर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरच्या वर, आरपीएम दोन हजारांच्या आसपास ठेवून वीस-पंचवीस मिनिटं न थांबता चालवा; बहुतेक मॅन्युअलमध्ये असंच काहीसं सांगितलेलं असतं. दिवा लुकलुकू लागला, किंवा जोडीला चेक इंजिनचा दिवा लागला आणि ताकद गेली, तर हा प्रयोग करू नका, हळू चालवत गॅरेज गाठा. आणि रिजनरेशन चालू असल्याची शंका असेल तेव्हा वाळक्या गवतावर गाडी उभी करू नका. उन्हाळ्यात घाटातल्या कडेला ही चूक महागात पडू शकते.

राहता राहिला तो ‘डीपीएफ काढून टाकू, मॅपिंग मारून देतो’ म्हणणारा सल्लागार. त्याचं काम सेन्सरच्या दुरुस्तीपेक्षा महाग पडतं आणि बेकायदा तर आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या रचनेत असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाच्या नियमभंगासाठी कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पीयूसीला डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणाच तपासतात, तो पास झाला म्हणजे काम कायदेशीर झालं असं नाही.

तेव्हा डीपीएफच्या एस्टिमेटवर सही करण्याआधी तीन आकडे जॉब कार्डवर लिहून मागा: इंजिन बंद असतानाचा दाबफरक, आयडलिंगचा आणि तीन हजार आरपीएमचा. जोडीला नळ्या काढून पाहिल्या का, हे विचारा आणि बदललेला जुना पार्ट परत मागा. हे तीन आकडे द्यायला जो तयार नसेल, त्याच्याकडे लाखाचं काम देऊ नका.